दोन बोटं बाहेरचा दगड

त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. तलाव इतका आटला की घाटाच्या खालच्या, कधी न दिसणाऱ्या पायऱ्याही उघड्या पडल्या, आणि बांधकामाला पाणी वापरायची बंदी आली. टँकर एक दिवसाआड यायचा. घरामागे आठ बादल्या, त्यातच पिणं, धुणं, अंघोळ. गावातले सगळे गवंडी हात चोळत बसले. सिमेंटचा मसाला कालवायला पाणी नाही म्हटल्यावर गवंड्याच्या हातात थापी तेवढी उरते, आणि थापीने फार तर पाठ खाजवता येते.

ज्याची ही गोष्ट, त्याला सगळं गाव ओळंबा म्हणायचं, भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजन बांधलेल्या दोरीवरून. चाळीस वर्षं भिंती रचून त्याची नजर अशी झाली होती की टेबलावर बशी तिरकी दिसली तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. तलावापलीकडच्या तीनमजली हॉटेलाचं दगडी कुंपण त्याच्या हातचं होतं. कुंपण बांधायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत पुढच्या दाराने तो एकदाही आत गेला नाही. कामकऱ्यांची ये-जा मागच्या फाटकातून. एकदा पाणी प्यायला म्हणून पायरी चढला, तर दारावरच्या माणसाने त्याच्या पायांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. ओळंबा तसाच मागे फिरला आणि नळाचं पाणी प्यायला.

त्याचा मुलगाही गवंडीच. बंदी आल्यावर पंधरा दिवस तो घरात येरझाऱ्या घालत राहिला आणि सोळाव्या दिवशी थापी पिशवीत घालून बंदराच्या शहरात कामाला निघून गेला. तिकडे दहाजणांत एक खोली. सून रडत बसली नाही. तिने पुढच्या दोन खोल्या झाडल्या, चुना दिला, खिडक्या पुसल्या आणि फोनमध्ये त्यांचे फोटो घातले.

"हॉटेलात न उतरता लोक असे घरात उतरतात, मामंजी," ती म्हणाली. "दोन दिवस, आठ दिवस. राहतात आणि जातात."

"ओळख ना पाळख, आणि माझ्या घरात झोपणार?"

"झोपणार आणि जाताना घर कसं होतं ते फोनवर लिहिणार. पहिल्यांनी चार बरे शब्द लिहिले तर पुढचे येतील. वाईट लिहिलं तर कुत्रंही फिरकणार नाही. खोल्या चालल्या, तर तुमच्या मुलाला मी परत बोलावणार आहे. आताच सांगून ठेवते."

मुलाचं नाव निघाल्यावर ओळंबा आपली गादी गुंडाळून मागच्या अवजारांच्या खोलीत गेला आणि घमेली एका बाजूला सारून त्याने तिथेच पथारी पसरली.

एक गोष्ट मात्र त्याच्या जिवावर आली. पुढच्या खोल्यांपासून मागच्या न्हाणीपर्यंत एक बोळ होता आणि बोळाच्या शेवटी दोन पायऱ्या खाली उतरायच्या. बोळाची भिंत उघड्या दगडांची, मधल्या फटी, म्हणजे दर्जा, भरलेली, सरळ रेघ ओढावी तशी. पण पायऱ्यांच्या एक पाऊल अलीकडे, कमरेच्या उंचीवर, एक दगड भिंतीच्या बाहेर आला होता. तीस वर्षांपूर्वी ओळंबा पाचवा थर लावत असताना घरातून हाक आली की मुलगा झाला. हातातला दगड त्याने तसाच ठेवला आणि धावला. परत येईपर्यंत मसाल्याने दगड धरून ठेवला होता. तो छिन्नी घेऊन बसला, तेव्हा बायको अंथरुणातून ओरडली, "हात लावायचा नाही! माझ्या पोराची खूण आहे ती." बायको होती तोवर दगड राहिला. ती गेल्यावर तर त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण ओळंब्याने मुलाच्या बारशाआधीच वरच्या बाजूला एक खिळा ठोकला होता आणि आपला जुना कोट त्यावर टांगून दगड झाकून टाकला होता. तो कोट तीस वर्षं कुणी घातला नव्हता.

सुनेने तोच कोट काढला. "कळकट दिसतो," म्हणाली.

आणि नेमका त्याच दिवशी तिरप्या आला. तिरप्याही गवंडी, ओळंब्याच्याच हाताखाली शिकलेला. सुरुवातीला त्याची एकही भिंत सरळ उभी राहत नसे, म्हणून ओळंब्यानेच त्याला हे नाव ठेवलं होतं. तो बोळात थबकला. भिंतीवरून बोटं फिरवली आणि त्याला इतकं हसू आलं की त्याने खाली बसून घेतलं.

"ओळंब्या, दोन बोटं बाहेर! आणि आयुष्यभर मला तिरप्या म्हणालास?"

ओळंबा त्या दिवशी जेवला नाही.

पाहुणे आले ते दोघं. एक म्हातारा आणि त्याची मुलगी. म्हातारा निवृत्त बस ड्रायव्हर. ताठ मानेचा, इस्त्रीच्या शर्टाचा. गाडी आता मुलगी चालवायची आणि तो शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते सांगायचा. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने सांगून टाकलं, "चाळीस वर्षं बस चालवली. गाडीला एक ओरखडा नाही." माझ्या जुन्या रस्त्यांवरून मला पुन्हा एकदा फिरव, असा त्याने मुलीच्या मागे धोशा लावला होता, आणि पाच दिवसांसाठी ती दोघं इथे उतरली होती.

"पलीकडे हॉटेल आहे," सुनेने चहा देता देता भीतभीतच विचारलं, "तिथे कसे नाही उतरलात, काका?"

"बाबांना हॉटेल चालत नाही," मुलगीच म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलात काहीतरी झालं. काय झालं ते सांगत नाहीत. तेव्हापासून घरंच."

"तलाव छान आहे," ड्रायव्हर एकदम म्हणाला. त्याचं तोंड रस्त्यावर उभ्या टँकरच्या टाकीकडे होतं.

सुनेची कंबर त्या दोन दिवसांत पार मोडली. टँकर आला की पहिल्या चार बादल्या पाहुण्यांच्या. अंघोळीच्या पाण्याने फरशी, फरशीच्या पाण्याने झाडांची मुळं. स्वतः ती ओल्या फडक्यावर भागवायची. पण चादरींना अशी इस्त्री केली होती की ओळंब्याने मुद्दाम वाकून चादरीची घडी डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली आणि त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही. तिचा त्याला त्या वेळी फार अभिमान वाटला.

त्याचा जीव दुसरीकडेच टांगणीला लागला होता. ड्रायव्हर खोलीतून न्हाणीकडे निघाला की डावा हात भिंतीवर ठेवायचा. सगळी भिंत हाताने चाचपत यायचा, दगडावर हात आला की थांबायचा, दगड नीट कुरवाळायचा आणि हसायचा. जाताना तेच, येताना तेच. दिवसातून सहा वेळा! ओळंबा अवजारांच्या खोलीच्या दारात बसून हे पाहायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"त्याने पकडलंय," तो सुनेला म्हणाला.

"काय पकडलंय?"

"चूक. सगळी भिंत सोडून तिथेच येऊन हसतो. चाळीस वर्षं बस हाकली म्हणतो, त्याला वाकडं-सरळ कळत नसेल? हे लिहिणार बघ. गवंड्याचं घर आणि भिंत वाकडी."

"काहीतरीच, मामंजी."

पण ती बोलता बोलता थांबली आणि तिनेही त्या दगडाकडे पाहिलं. तेवढं पुरे झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे घाटरस्ता बघायला गेले आणि सून टँकरच्या रांगेत. ओळंब्याने छिन्नी आणि हातोडा काढला. दगडापुढे उकिडवा बसला. बायकोची ती अंथरुणातली हाक त्याला जशीच्या तशी ऐकू आली. "तुझ्या नातसुनांच्या काळापर्यंत हा दगड माझं हसं करत राहणार का?" तो मोठ्याने म्हणाला. "आणि तुझं पोरगं परत यायला नको?" मग त्याने पहिला घाव घातला. तासाभरात दगडाचं तोंड भिंतीशी सपाट झालं. त्याने ओळंबा सोडून पाहिला. दोरी भिंतीला लागून अशी सरळ उतरली की तिरप्याने येऊन पाहावी. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खाली पडलेल्या कपच्या त्याने झाडून टाकल्या, पण एक खिशात ठेवली.

पाहुणे भर दुपारी परतले. ऊन मी म्हणत होतं. मुलगी गाडीतून सामान काढत राहिली आणि ड्रायव्हर हात-पाय धुवायला तडक न्हाणीकडे निघाला, शीळ घालत. ओळंबा दारात तयारच बसला होता. आता बघ म्हणावं, आता हस.

ड्रायव्हरचा हात भिंतीवरून सरकत आला. दगड होता त्या जागी आला. थांबला नाही. तसाच पुढे सरकला, आणि त्या हाताकडे बघता बघता ओळंबा ताडकन उठला. त्याने तोंड उघडलं, पण तोवर ड्रायव्हरचं पाऊल हवेत पडलं होतं. दोन्ही पायऱ्या ओलांडून तो न्हाणीच्या दारात आडवा झाला. भरलेली बादली कलंडली.

मुलगी धावत आली. सून आली. गुडघा फुटला होता, तळहात सोलवटले होते, हाड शाबूत होतं.

"ही काय जागा आहे पायऱ्यांची? अंधाऱ्या बोळात अशा एकदम? आत्ता निघायचं इथून. पलीकडच्या हॉटेलात बघते मी. आणि हे मी लिहिणार आहे. आणखी कुणाचे वडील इथे पडायला नकोत."

हातातलं ओलं फडकं तसंच धरून सून उभी राहिली. बंदराच्या शहरातली ती दहाजणांची खोली तिच्या डोळ्यांपुढे आली असणार.

ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता, मान खाली. मुलीकडे बघत नव्हता. त्याचा एक हात मात्र मागे भिंतीवर चाचपडत होता, काहीतरी शोधत. तो हात पाहिला आणि ओळंब्याला सगळं उलगडलं. टाकीकडे बघून केलेलं तलावाचं कौतुक. चहाचा कप घ्यायला आधी बशी चाचपणारी बोटं. या माणसाला समोरचं दिसत नव्हतं, आणि हे त्याने मुलीपासूनसुद्धा लपवून ठेवलं होतं. ओळंब्याने एका दगडावर तीस वर्षं कोट टांगला होता. त्याला या म्हाताऱ्याची लाज अगदी आतून कळली.

"चूक पायरीची आहे, ताई," तो म्हणाला. "माझीच चुकली. अर्धा इंच उंच धरली होती मी."

सुनेने चमकून वर पाहिलं. नऊ वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे शब्द तिने सासऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

"किती?" ड्रायव्हरने विचारलं.

"अर्धा इंच."

ड्रायव्हर पुढे सरकला. सोलवटलेल्या हाताची वीत करून त्याने वरची पायरी मोजली, मग खालची. पुन्हा वरची.

"खोटं," तो म्हणाला. "दोन्ही एकसारख्या आहेत. चाळीस वर्षं माझा पाय क्लचवर होता. अर्धा इंच काय असतो ते मला सांगू नका, मिस्त्री. एवढं चांगलं काम करून त्याला स्वतःच वाईट म्हणता? लाज नाही वाटत?"

"बाबा, काय चाललंय?"

"पायरी बरोबर आहे. माझे डोळे गेलेत." एका दमात बोलून टाकल्यावर त्याने हात डोळ्यांपुढे धरला. "सगळे नाही गेले. कडेचं दिसतं. समोरचं पुसल्यासारखं झालंय. दोन वर्षं झाली."

मुलगी त्याच्यासमोर बसली. "आणि हॉटेलात?"

"हॉटेलात सगळी दारं सारखी. भिंती अशा गुळगुळीत की हाताला काही कळतच नाही. मी दार मोजत गेलो आणि एक मोजायचं राहिलं. शिरलो तर आत नवराबायको जेवत होती. मीच त्यांच्यावर ओरडलो, माझ्या खोलीत काय करता म्हणून. बसलो सुद्धा त्यांच्या पलंगावर." तो हसायला लागला. सुनेलाही हसू आलं, फडक्याने तोंड झाकावं लागलं. मुलगी हसता हसता रडली. "घराचं तसं नसतं. घराला कुठे ना कुठे खोड असते. कुठे दाराची कडी सैल, कुठे फरशी वाजते. एकदा हाताला कळलं की कुणाला विचारावं लागत नाही. इथे एक दगड होता. तो लागला की पुढे पायरी."

"मी काढला," ओळंबा म्हणाला. "आज सकाळी."

"का?"

"चुकला होता."

"तुमचा चुकला असेल. माझा बरोबर होता."

मुलीने डोळे पुसले. राग गेला होता, पण निर्धार पक्का होता. फिरणं पुरे, उद्या सकाळी घरी जायचं. बस शेवटच्या थांब्याला लागावी तसा ड्रायव्हर गप्प झाला. ते ओळंब्याला बघवेना.

"ताई, सकाळी जाणारच आहात तर एक काम करा. सकाळी तुम्ही बोळाच्या त्या टोकाला उभ्या राहा. हे एकटे न्हाणीपर्यंत जाऊन परत आले, तर राहायचं. नाही आले, तर जा आणि काय वाटेल ते लिहा."

मग तो कामाला लागला. दगडाचं तोंड कापलं गेलं होतं, पण दगड लांब होता, हातभर आत गेलेला, आणि त्याचं आतलं टोक, म्हणजे शेपूट, शाबूत होतं. ओळंब्याने चारी बाजूंच्या दर्जा कोरून काढल्या, पहार लावली, आणि तीस वर्षांचा तो दगड कण्हत बाहेर आला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दुसरा दगड आणायची गरजच नाही. हाच उलटा फिरवायचा. शेपूट बाहेर, तोंड आत.

आता मसाला. बांधकामाला पाणी बंद, आणि धुण्याच्या पाण्यात कालवला तर मसाला धरत नाही. त्याने आपल्या अंघोळीची अर्धी बादली घमेल्यात ओतली. ती कमी पडली. सून आत गेली आणि आपल्या वाटणीचं पाणी घेऊन आली.

दगड बसवताना ड्रायव्हर शेजारी बसला होता, गुडघ्याला पट्टी. ओळंब्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. ओळंबा सोडला, आणि दगड दोरीच्या बाहेर काढला.

"एवढा?"

ड्रायव्हरने हात फिरवला. "होता तेवढा झाला. पण थोडा आणखी हवा. पटकन लागला पाहिजे."

"दोन बोटं आहे."

"अडीच करा."

ओळंब्याने अडीच बोटं केला. चारी बाजूंनी दगडाच्या बारीक चिपा ठोकून आवळला, दर्जा भरल्या. मुद्दाम चुकवायचं काम त्याला सरळ कामाहून जड गेलं. एक बोट इकडे की तिकडे, याला कुठला ओळंबा लावणार? शेवटी त्याने डोळे मिटले आणि स्वतः हाताने चाचपून पाहिलं. मिटल्या डोळ्यांनी आपली भिंत त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. अशी सलग, इतकी नीट होती ती! मागचं फाटक, दारावरच्या त्या माणसाची नजर, सगळं त्या क्षणापुरतं विसरलं गेलं.

सकाळी ऊन बोळात यायच्या आधीच मुलगी एका टोकाला उभी राहिली. सून चुलीपुढे, पण कान बोळाकडे. ओळंबा पाठ करून बसला. त्याला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. हात भिंतीवरून घासत येत होता. सर्र, सर्र. मग थांबला.

"पुढे वळण आहे!" ड्रायव्हर मोठ्याने ओरडला, बसमध्ये ओरडत असेल तसा. एक पायरी. दुसरी. न्हाणीचं दार वाजलं. परत येताना तर तो शीळ घालत होता.

ती दोघं पाच दिवसांसाठी आली होती, नऊ दिवस राहिली. गेल्यावर सुनेने फोन वाचून दाखवला. बापाने सांगितलेलं मुलीने जसंच्या तसं लिहिलं होतं. 'घर गवंड्याने स्वतः बांधलेलं आहे. पायऱ्या दोन, एकसारख्या. इथली भिंत तुम्हाला कुठे आहात ते सांगते. मी या घरात एकटा फिरलो.'

"ठीक आहे," ओळंबा म्हणाला. दुपारी त्याने ते पुन्हा वाचायला लावलं. संध्याकाळी, चष्मा सापडत नाही म्हणून, तिसऱ्यांदा.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तोवर मुलगा परत आला होता आणि अंगणात तिसऱ्या खोलीच्या भिंती चढत होत्या. दगड द्यायला मुलगा, रचायला ओळंबा, मदतीला तिरप्या. एका दुपारी सून फोन घेऊन बाहेर आली, जरा घाबरलेली. नुकत्याच गेलेल्या पाहुण्यांनी लिहिलं होतं की सगळं छान, पण बोळात एक दगड बाहेर आला आहे, कोपराला लागतो.

तिरप्याला मौका मिळाला. "बघ! मी तेव्हाच सांगितलं होतं. दोन बोटं बाहेर आहे तुझा दगड."

ओळंब्याने थर पुरा केला. थापी पुसली. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो उठला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"दोन नाही, अडीच. जा, नीट मोजून ये."